शाप की वरदान? आधी ठरवा, मग लिहा!

“अरे, साडेसहा आले की! पार्टी कधी?”

रूम पार्टनर माझ्या खांद्यावरून मोबाईलमध्ये डोकावत ओरडला. त्याचा आवाज ऐकून शेजारच्या रूममधले दोघे धावत आले. मीही क्षणभर खूश झालो. मग खालचे चार आकडे वाचले. ऐकणे ७, वाचन ६.५, बोलणे ६.५ आणि लेखन ५.५.

मित्रांनो, मला ज्या विद्यापीठात एम.एस. करायचं आहे त्यांची अट अशी होती : एकूण साडेसहा बँड, आणि कुठल्याही एका विभागात सहाच्या खाली नको. म्हणजे तीन विषयांत पास आणि एका विषयाची के.टी.! फरक एवढाच, की आपल्या के.टी.ची फी काही शेकड्यांत असते. या परीक्षेची फी अठरा हजारांच्या घरात जाते. ती आप्पांनी उसाच्या बिलातून दिली होती.

मी मोडनिंबचा. दहावीपर्यंत मराठी माध्यम, नंतर सायन्स, आता मेकॅनिकलचं शेवटचं वर्ष. मराठी विभागाच्या संपादकांनी ‘काहीतरी लिहून दे’ म्हटल्यावर मी म्हणालो, “सर, माझ्याकडे इंग्रजी निबंधाचाच विषय आहे. मराठी विभागात चालेल का?” सर म्हणाले, “ज्यांना गरज आहे ते मराठीच वाचतात. लिही.” म्हणून हा लेख. यात शहाणपणा कमी आणि ठेच जास्त आहे.

१) परीक्षा नेमकं काय मागते?

आयईएलटीएस ही परीक्षा १९८९ पासून या नावाने चालू आहे. तिच्या लेखनाच्या पेपरला एकूण ६० मिनिटं. त्यात दोन कामं. पहिल्या कामात (शैक्षणिक प्रकारात) एखादा आलेख, तक्ता, नकाशा किंवा प्रक्रियेची आकृती देतात, तिचं किमान १५० शब्दांत वर्णन करायचं. दुसऱ्या कामात निबंध, किमान २५० शब्द. पहिल्याला २० मिनिटं आणि दुसऱ्याला ४० मिनिटं द्यावीत असं पेपरमध्येच सुचवलेलं असतं. निबंधाचं वजन पहिल्या कामाच्या दुप्पट. म्हणून दुसऱ्या वेळी मी निबंध आधी लिहिला. तसं चालतं.

निबंध चार कसोट्यांवर तपासतात, आणि चारही कसोट्यांना सारखं वजन असतं :

- विचारलेल्या प्रश्नाला उत्तर दिलं का?
- मांडणी सरळ, एकातून एक निघणारी आहे का?
- शब्द नेमके वापरलेत का?
- व्याकरण अचूक आणि वाक्यरचनेत विविधता आहे का?

आता गंमत बघा. आपण सगळे तयारी करतो ती शेवटच्या दोन कसोट्यांची. शब्दांच्या याद्या पाठ, व्याकरणाची पुस्तकं पाठ. पहिल्या दोन कसोट्या म्हणजे अर्धा पेपर. त्यांचा इंग्रजीशी संबंध नंतर येतो, आधी डोक्याशी येतो. तो अर्धा पेपर मराठीत विचार करूनही सोडवता येतो. हे मला कळायला अठरा हजार रुपये लागले.

२) पहिल्या वेळी मी काय केलं

एका क्लासमध्ये आम्हाला पंचवीस तयार निबंध दिले होते. सुरुवातीची चार वाक्यं कुठल्याही विषयाला चालतील अशी, शेवटची तीन वाक्यंही तशीच. मधे विषय भरायचा. जर्नलमधले ‘एम’ आणि ‘कन्क्लूजन’ आपण जसे मागच्या बॅचकडून उतरवतो, अगदी तसं!

परीक्षेत आलेला नेमका प्रश्न छापणं नियमात बसत नाही, पण धाटणी सांगतो : तरुण मुलं खेडं सोडून शहरात का जातात, आणि हे चांगलं आहे की वाईट? मला आनंद झाला. असा निबंध पाठ होता! मी धडाधड लिहीत सुटलो. पाठ केलेली प्रस्तावनाच नव्वद शब्दांची झाली. मग शहराचे फायदे, शहराचे तोटे. ‘मोअरओव्हर’, ‘फरदरमोअर’, ‘लास्ट बट नॉट द लीस्ट’ सगळं घातलं. शेवटी लिहिलं, की प्रत्येक गोष्टीला दोन बाजू असतात, सगळं माणसावर अवलंबून आहे.

घड्याळ बघतो तर पहिल्या कामाला पंधराच मिनिटं उरली होती. तेही कसंबसं उरकलं.

पुण्याहून परतीच्या एसटीत भिगवण येईपर्यंत मी खुशीत होतो. इतकं मोठं इंग्रजी मी आयुष्यात एका दमात लिहिलं नव्हतं.

३) आप्पांचा प्रश्न

सेमिस्टर संपल्यावर घरी गेलो. डिसेंबर म्हणजे आमच्याकडे बोरांचा हंगाम. मोडनिंबच्या बाजारात उमराण, चमेली, चेकनट अशी बोरं येतात. पहाटेपासून घरातले सगळे प्रतवारीला बसतात. मोठा माल वेगळा, बारका वेगळा, डागी वेगळा. मी पण बसलो. निकालाचं सांगायचं राहिलं होतं, ते तिथंच सांगितलं.

आप्पा काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, “काय विचारलं हुतं त्यात?”

मी सांगितलं, “पोरं गाव सोडून शहरात का जातात, अन् ते चांगलं का वाईट.”

“मग तू काय म्हणलास?”

“दोन्ही बाजू लिहिल्या, आप्पा. फायदे पण लिहिले, तोटे पण.”

“ते झालं रं. पण चांगलं का वाईट? तू काय म्हणलास?”

मी गप्प. आप्पा डागी बोरं बाजूला टाकत राहिले.

“अन् का जात्यात, त्येचं?”

ते तर मी लिहिलंच नव्हतं! प्रश्नात दोन प्रश्न होते. ‘का जातात’ याला माझ्या निबंधात एक ओळसुद्धा नव्हती, कारण पाठ केलेल्या निबंधात ती नव्हती. आणि ज्या घरातून मी स्वतः शहराकडे आणि शहरातून परदेशाकडे निघालो होतो, त्या घराच्या अंगणात बसून मला उत्तर देता येत नव्हतं.

आई आतून म्हणाली, “जाऊ द्या की आता, पोराला चहा घेऊ द्या.” विषय तिथंच थांबला. पण त्या दिवशी मला माझे ५.५ कुठून आले ते कळलं.

४) ही सवय लागते कुठे?

शाळेत! ‘मोबाईल : शाप की वरदान?’, ‘विज्ञान : शाप की वरदान?’ हे निबंध आपण सगळ्यांनी लिहिलेत. शेवट काय करायचो? “मोबाईल शापही आहे आणि वरदानही. ते वापरणाऱ्यावर अवलंबून आहे.” बाईंनी दहापैकी आठ दिले आणि आपल्याला वाटलं, झाला निबंध. सुरुवातीला एक सुविचार, मधे दोन उपमा, शेवटी ‘वापरणाऱ्यावर अवलंबून’. हा साचा हाताला इतका बसलाय की इंग्रजी लिहितानाही तोच उतरतो.

आयईएलटीएसच्या निबंधाला सुविचार नको, उपमा नको, अलंकार नको. प्रश्न विचारलाय, त्याचं उत्तर पाहिजे. आणि ते पहिल्या परिच्छेदापासून शेवटच्या ओळीपर्यंत एकच पाहिजे. मधली भूमिका घ्यायला हरकत नाही. पण ‘थोडं हे, थोडं ते’ म्हणजे मधली भूमिका नव्हे. ‘या बाबतीत हो, त्या बाबतीत नाही, आणि त्याचं कारण हे’ असं सांगितलं तर ती भूमिका. परीक्षक तुमच्या मताशी सहमत आहे की नाही याला मार्क नाहीत. तुमचं मत त्याला सापडलं पाहिजे.

ड्रॉइंगच्या शीटवर आपण सर्कल काढण्याआधी काय करतो? सेंटरलाइन मारतो. सेंटरलाइन न मारता कितीही सुबक सर्कल काढलं तरी सर शीट परत देतात. निबंधाची सेंटरलाइन म्हणजे तुमचं म्हणणं.

५) प्रश्नाचे पाच प्रकार

प्रश्न वाचताना आधी प्रकार ओळखा. साधारण पाच प्रकार येतात.

अ) तुम्ही कितपत सहमत आहात? – भूमिका एक, तिला दोन भक्कम कारणं.

आ) दोन्ही मतांची चर्चा करा आणि स्वतःचं मत द्या. – इथे तीन कामं आहेत. पहिलं मत, दुसरं मत आणि स्वतःचं. तिसरं काम शेवटच्या ओळीत उरकू नका. प्रस्तावनेतच सांगून टाका.

इ) फायदे तोट्यांपेक्षा जास्त आहेत का? – इथे नुसती यादी चालत नाही, तागडीत तोलून दाखवावं लागतं. कुठली बाजू जड, आणि का.

ई) समस्या किंवा कारणं आणि उपाय. – प्रत्येक उपाय वर सांगितलेल्या कारणाला जोडलेला हवा. पाण्याची टंचाई हे कारण आणि ‘सरकारने जागृती करावी’ हा उपाय, असं नको.

उ) दोन स्वतंत्र प्रश्न. – जिथे मी पडलो तो हा प्रकार. प्रत्येक प्रश्नाला एक परिच्छेद. प्रश्नचिन्हं मोजा!

६) पाच मिनिटांचा आराखडा : एक नमुना

चाळीस मिनिटांची वाटणी मी अशी केली : ५ मिनिटं आराखडा, ३० मिनिटं लेखन, ५ मिनिटं तपासणी. पहिली पाच मिनिटं उत्तर लिहायला घ्यायचंच नाही. हे फार अवघड जातं. शेजारचा उमेदवार कीबोर्ड बडवायला लागलेला असतो आणि आपण कच्च्या कागदावर मराठीत चार शब्द खरडत असतो. पण थांबायचं.

समजा प्रश्न असा आहे : ‘सरकारने रस्त्यांपेक्षा रेल्वेवर जास्त पैसा खर्च करावा. तुम्ही कितपत सहमत आहात?’

पहिलं मिनिट – प्रश्न दोनदा वाचा. ‘सरकारने’, ‘रस्त्यांपेक्षा’, ‘जास्त’ आणि ‘कितपत’ या शब्दांखाली रेघ मारा. प्रश्न ‘रेल्वे चांगली का’ असा नाही. सरकारी पैशाची वाटणी कशी करावी, असा आहे.

दुसरं मिनिट – आप्पांचा प्रश्न स्वतःला विचारा : मग तू काय म्हणलास? उत्तर एका वाक्यात, मराठीत. उदाहरणार्थ : ‘लांबच्या प्रवासाला आणि जड मालाला रेल्वेवर जास्त खर्च हवा, पण शेतातून बाजारापर्यंतच्या रस्त्याचा पैसा कापून नको.’ झाली सेंटरलाइन.

तिसरं मिनिट – दोन कारणं, आणि प्रत्येकाला दोनदा ‘का?’ विचारा. रेल्वे का? कमी इंधनात जास्त वजन ओढते. का? लोखंडी रुळावर लोखंडी चाकाला होणारा रोध डांबरी रस्त्यावरच्या टायरपेक्षा खूप कमी असतो. हे आपण मेकॅनिकलवाल्यांनी नाही सांगायचं तर कुणी? उदाहरण गावाचंच. कुर्डुवाडी-पंढरपूर लाइन आमच्या मोडनिंबवरून जाते. ही मूळची बार्शी लाइट रेल्वे. १८९७ मध्ये बार्शी ते कुर्डुवाडी असा तिचा पहिला टप्पा सुरू झाला. इंजिनिअर एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांनी ती अडीच फुटी अरुंद रुळावर बांधली. म्हातारी माणसं अजून त्या छोट्या गाडीच्या गोष्टी सांगतात. पुढे हा मार्ग रुंद रुळाचा झाला, आणि वारीच्या दिवसांत मोठ्या लांब गाड्या थेट पंढरपूरला येऊ लागल्या. रुळावर खर्च झाला म्हणून हे झालं.

मग रस्ता का? बोरं पहाटे काढतात आणि तासाभरात बाजारात न्यावी लागतात. शेताच्या बांधावर रेल्वे येत नाही. टेम्पोच येतो. सोलापूर-पुणे महामार्ग गावावरून जातो म्हणून रात्री भरलेला माल सकाळी पुण्यात उतरतो.

चौथं मिनिट – क्रम ठरवा. आधी रेल्वेचा परिच्छेद, मग रस्त्याची मर्यादा, शेवटी दुसऱ्या मिनिटाचं वाक्य वेगळ्या शब्दांत.

पाचवं मिनिट – लागणारे सात-आठ इंग्रजी शब्द बाजूला लिहा. मालवाहतूक म्हणजे ‘फ्रेट’, नाशवंत म्हणजे ‘पेरिशेबल’, कोंडी म्हणजे ‘कंजेशन’. एखादा शब्द आठवतच नसेल तर आत्ताच साधा पर्याय शोधा. निम्म्या वाक्यात अडकण्यापेक्षा हे बरं.

आता शब्दांचा हिशोब. प्रस्तावना ४० ते ५०, दोन मुख्य परिच्छेद प्रत्येकी ९० ते १००, शेवट ३० ते ४०. बेरीज २५० ते २९०. झालं! चारशे शब्द लिहिल्याबद्दल जादा मार्क नाहीत, उलट चुका वाढतात. पण २५० च्या खाली गेलात तर नुकसान होतं. संगणकावर परीक्षा असेल तर शब्दसंख्या पडद्यावर दिसते. हाताने लिहायचं असेल तर आपल्या एका ओळीत सरासरी किती शब्द बसतात ते आधीच मोजून ठेवा.

७) उदाहरणं घरात आहेत

“पण सर, मुद्देच सुचत नाहीत!” हे वाक्य आमच्या रीडिंग हॉलमध्ये दिवसातून दहा वेळा ऐकू येतं. मग कुणीतरी ‘अमुक विद्यापीठाच्या सर्वेक्षणानुसार ८५ टक्के लोक’ असं ठोकून देतो. खोटा आकडा परीक्षक शोधत बसणार नाही हे खरं. पण असा आकडा मुद्दा पटवतही नाही. स्वतः पाहिलेली गोष्ट साध्या शब्दांत लिहिली तर ती पटते. आयईएलटीएसच्या निबंधाच्या प्रश्नातच स्वतःच्या ज्ञानातून आणि अनुभवातून उदाहरणं द्यायला सांगितलेलं असतं.

मी एका वहीत दहा विषयांची पानं केली आणि प्रत्येक पानावर आपल्या भागातली दोन-तीन उदाहरणं लिहिली. काही पानं देतो :

पाणी आणि पर्यावरण – भीमेवरचं उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. सुमारे ११७ टीएमसीचं. पाणी आलं तसा ऊस वाढला, ऊस वाढला तशी पाण्याची ओढाताणही वाढली. ‘विकासाची किंमत’, ‘नैसर्गिक साधनांची वाटणी’, ‘सरकारने काय करावं’ अशा कितीतरी प्रश्नांना हे एकच उदाहरण वेगवेगळ्या बाजूने पुरतं. शिवाय उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला फ्लेमिंगो बघायला लोक येतात. पर्यटनाचं उदाहरण फुकट!

परंपरा – पंढरीची वारी. तरुण मुलं आजही चालतात का, चालतात तर का, गर्दीचा गावावर काय ताण पडतो, रोजगार किती मिळतो.

तंत्रज्ञान – आप्पा आता सकाळी मोबाईलवर बाजारभाव बघतात आणि मगच माल कुठं पाठवायचा ते ठरवतात. पूर्वी आडत्या सांगेल तो भाव.

शिक्षण – मातृभाषेतून शिकावं की इंग्रजीतून? यावर बोलायचा हक्क आपल्याइतका कुणाला आहे?

स्थलांतर – माझ्या वर्गातली दहावीची मुलं आज कुठं आहेत, एवढी यादी केली तरी दोन परिच्छेद होतात.

एक काळजी घ्या. परीक्षकाला मोडनिंब, टीएमसी, पट्टी, आडत्या काही माहीत नसतं. म्हणून ‘पश्चिम भारतातलं माझं गाव’, ‘नदीवरचं एक मोठं धरण’, ‘शेतमाल विकून देणारा मध्यस्थ’ असं एका ओळीत समजावून पुढे जा. आणि उदाहरण दोन वाक्यांपेक्षा लांबवू नका, नाहीतर निबंधाचं आत्मवृत्त होतं.

८) मराठीत विचार, पण मराठीचं भाषांतर नको

आराखडा मराठीत करा, हरकत नाही. पण वाक्य लिहायला बसलात की सरळ, लहान इंग्रजी वाक्य. मराठी वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत ओढलं की ठरावीक चुका होतात. माझ्या सरावाच्या निबंधांवर आमच्या इंग्रजीच्या मॅडमनी लाल पेनाने ज्या खुणा केल्या, त्यातल्या पुन्हा पुन्हा आलेल्या या :

- ‘जरी... तरी’ ची जोडी. आपण ‘ऑलदो’ ने सुरू करतो आणि मधे ‘बट’ घालतो. इंग्रजीत दोन्हीपैकी एकच.
- ‘अ’, ‘अॅन’ आणि ‘द’. मराठीत हे नाहीतच, त्यामुळे एक तर गळतात किंवा नको तिथे पडतात. तपासणीच्या पाच मिनिटांतली दोन मिनिटं यांनाच द्या.
- ‘डिस्कस अबाउट’. नुसतं ‘डिस्कस’. ‘च्याबद्दल चर्चा’ मधलं ‘बद्दल’ तिथे लागत नाही.
- ‘इन्फर्मेशन्स’, ‘इक्विपमेंट्स’, ‘अॅडव्हायसेस’. या शब्दांना अनेकवचनाचा ‘स’ नाही.
- ‘वन ऑफ द रीझन’. अनेकांतलं एक, म्हणून ‘रीझन्स’.
- प्रत्येक वाक्याच्या आधी ‘मोअरओव्हर’. जोडशब्द म्हणजे नट-बोल्ट. जिथे दोन भाग जोडायचे तिथे बसवायचा, सगळ्या पत्र्यावर नाही. ‘कारण’, ‘म्हणून’, ‘पण’, ‘उदाहरणार्थ’ यांचे साधे इंग्रजी शब्द योग्य जागी आले तरी पुरतं.

मॅडमनी एक चांगली गोष्ट करायला लावली. चुकांची वही. प्रत्येक निबंधातल्या चुका तारखेसह लिहायच्या. तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की चुका पन्नास नाहीत, सातच आहेत. त्याच सात पुन्हा पुन्हा. सात चुका दुरुस्त करणं कुणालाही जमतं.

९) हॉस्टेलवरचं सहा आठवड्यांचं वेळापत्रक

पहिला आठवडा : निबंध एकही नाही! रोज तीन प्रश्न, प्रत्येकी पाच मिनिटं, फक्त आराखडे. आठवड्यात एकवीस आराखडे होतात. मेसच्या रांगेत सुद्धा एखादा होतो.

दुसरा आठवडा : रोज एका आराखड्यातला एकच मुख्य परिच्छेद, दहा-बारा मिनिटांत.

तिसरा आणि चौथा आठवडा : एक दिवसाआड पूर्ण निबंध, चाळीस मिनिटांचा गजर लावून. मधल्या दिवशी कालचाच निबंध दुरुस्त करून पुन्हा लिहायचा. नवीन दहा लिहिण्यापेक्षा एक पुन्हा लिहिणं जास्त शिकवतं, हा माझा अनुभव.

पाचवा आठवडा : दोन्ही कामं मिळून साठ मिनिटं. आलेखाच्या कामात सगळे आकडे लिहायचे नसतात. सगळ्यात मोठा बदल कुठला, काय वाढलं, काय घटलं, हे आधी दोन वाक्यांत. स्वतःचं मत किंवा कारणं तिथे अजिबात नकोत. लॅबच्या ग्राफवर ‘ऑब्झर्व्हेशन’ लिहितो तेवढंच.

सहावा आठवडा : दोन पूर्ण पेपर, चुकांची वही, आणि झोप.

तपासायला कुणी नसेल तर पार्टनर आहे. माझा पार्टनर सिव्हिलचा, त्याला परदेशी जायचं नाही, इंग्रजीही माझ्याएवढंच. तरी त्याने खूप मदत केली. मी निबंध त्याच्या हातात द्यायचो. तो वाचून फक्त एक वाक्य सांगायचा : “तुझं म्हणणं असं असं आहे.” त्याला ते वाक्य सांगता आलं नाही, तर निबंध परत. या चाचणीला आमच्या मजल्यावर आता ‘आप्पा टेस्ट’ म्हणतात. आप्पांना हे माहीत नाही.

दुसऱ्या परीक्षा देणाऱ्यांसाठी थोडक्यात. टोफेलने जुलै २०२३ मध्ये तीस मिनिटांचा स्वतंत्र निबंध काढून त्या जागी वर्गातल्या चर्चेला दहा मिनिटांत उत्तर देण्याचं काम आणलं, आणि जानेवारी २०२६ मध्ये परीक्षेचं स्वरूप पुन्हा बदललं. तेव्हा सीनिअरच्या जुन्या पुस्तकावर विसंबू नका. जीआरई मध्ये सप्टेंबर २०२३ पासून एकच निबंध आहे, तीस मिनिटांचा, आणि त्याच्या विषयांची यादी परीक्षा घेणारी संस्था आधीच जाहीर करते. वेळ कमी झाला, स्वरूप बदललं, तरी ‘मग तू काय म्हणलास?’ हा प्रश्न सगळीकडे तोच.

१०) दुसरी खेप

दुसऱ्या वेळची फी बोरांच्या पट्टीतून आली. आप्पांनी पैसे देताना काही ऐकवलं नाही, पण त्या पट्टीतला आकडा मला माहीत होता. किती पोती बोरं निवडली की अठरा हजार होतात तेही माहीत होतं, कारण त्यातली काही मीच निवडली होती.

फेब्रुवारीत पेपर दिला. पहिली पाच मिनिटं मी खरोखर काही टाइप केलं नाही. हात शिवशिवत होते. शेजारचा मुलगा दोन परिच्छेद पुढे गेला होता. मी कागदावर मराठीत एक वाक्य लिहिलं, त्याखाली दोन कारणं, दोन उदाहरणं. मग सुरू केलं. निबंध २७४ शब्दांचा झाला आणि तपासायला चार मिनिटं उरली. तीन ‘द’ घातले, एक ‘बट’ काढला.

निकालाच्या दिवशी घरी फोन केला.

“आलं का?”

“आलं, आप्पा. साडेसहा.”

थोडा वेळ शांतता. “मागं बी साडेसहाच हुतं की रं. मग पुन्हा पैसं कशाला घातलं?”

मला हसू आलं. एकूण बँड खरंच तेवढाच राहिला होता! मग मी समजावलं, की या वेळी लेखनात साडेपाचाचे साडेसहा झाले, अडलं होतं ते तिथंच. आप्पा ‘बरं बरं’ म्हणाले. मग त्यांनी विचारलं, “आणि ह्या वेळी काय म्हणलास?”

मी एका वाक्यात सांगितलं.

प्रवेशाची अट आता पूर्ण झाली आहे, पण शैक्षणिक कर्जाचं काम अजून बँकेत चालू आहे. त्यामुळे ‘परदेशी निघालेला विद्यार्थी’ म्हणून मी तुम्हाला उपदेश करत नाही. पुढच्या वर्षी मी कुठे असेन ते मलाही माहीत नाही. पण एक सवय मात्र लागली. सेमिनारचा रिपोर्ट असो, प्रोजेक्टचा सारांश असो, नाहीतर प्लेसमेंटच्या ग्रुप डिस्कशनमध्ये तोंड उघडायचं असो, आधी कागदावर एक वाक्य लिहितो.

माझ्या विषयांची वही आणि चुकांची वही रीडिंग हॉलच्या कपाटात ठेवली आहे. ज्याला हवी त्याने न्यावी, झेरॉक्स काढावी आणि परत ठेवावी. जमलं तर आपल्या गावाची दोन उदाहरणं त्यात भरावीत. मंगळवेढ्याची ज्वारी, सांगोल्याचं डाळिंब, बार्शीची बाजारपेठ... पानं रिकामी आहेत.

सर्वांना परीक्षेसाठी मनापासून शुभेच्छा!